शाळेसाठी संगणक घेताना



लागणीच्या बैठकीसाठी देवणी भागात गेलो की हल्ली बेण्याबरोबर आणखी एक प्रश्न आमच्यापुढे येतो. गावच्या शाळेला वर्गणीतून संगणक द्यायचे आहेत, कोणते घ्यावेत? आम्ही शेतकी पदविकावाले, संगणकाचे जाणकार नव्हे. पण निवड कशी करावी एवढं उसानं शिकवलं आहे. चोपण जमिनीत फुले २६५ तग धरतो म्हणून तिथे तो लावायचा; शेजाऱ्यानं काय लावलं ते पाहून नव्हे. (तरी आपण पाहतोच!)

एका शाळेत आम्ही दहा संगणक कुलपात पाहिले. यूपीएसच्या बॅटऱ्या गेलेल्या, दुरुस्तीला पैसा नाही, आणि पासवर्ड ठाऊक असलेले गुरुजी बदलून गेलेले. वर्गणी मात्र शेतकऱ्यांच्या घामाची होती.

२००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात येथील एकशिक्षकी शाळेत मुलागणिक एक छोटा लॅपटॉप देण्यात आला. यंत्र खास मुलांसाठी बनवलेलं. वीज थोडी खाणारं, भर उन्हातही पडदा वाचता येईल असं. शंभर डॉलरचा म्हणून त्याचा गाजावाजा झाला, प्रत्यक्षात किंमत दोनशेच्या घरात गेली. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने हीच यंत्रे लाखांनी वाटली. तिथल्या खेड्यांतील शाळांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. गणित आणि भाषेत मुलांची प्रगती वाढल्याचं काही आढळलं नाही. बेणं चांगलं, पण मशागत कमी पडली, असं आम्हाला वाटतं. केरळने २००१ पासून शिक्षकांच्या प्रशिक्षणावर जोर दिला आणि पुढे परवान्याचे पैसे न पडणारी मुक्त प्रणाली घेतली.

म्हणून पहिला संगणक गुरुजींसाठी घ्या, आणि तो लॅपटॉप असू द्या. धडा घरी बसून तयार करता येतो.

मुलांच्या बाबतीत आधी विजेचा हिशेब करा. टेबलावरचा संगणक पडद्यासह साधारण १०० वॅट खातो, लॅपटॉप ३० ते ५०. दहा संगणकांना एक किलोवॅट झालं. पाव तासाच्या यूपीएसवर तासिका कशी घेणार? उलट, मुलांच्या हातून कळफलक मोडला तर टेबलावरच्या संगणकाचा थोडक्यात बदलून होतो, लॅपटॉपचा महागात पडतो. तेव्हा शाळेच्या वेळेत वीज टिकत असेल तर टेबलावरचेच घ्या. टिकत नसेल तर लॅपटॉप. मात्र तीन-चार वर्षांनी बॅटरी बदलावी लागेल, तो खर्च आजच धरा. टॅबलेट पाहायला बरा, लिहायला नाही.

रॅम ८ जीबी आणि २५६ जीबीची एसएसडी शाळेला पुरते. मराठी युनिकोडमध्येच लिहायला शिकवा, इनस्क्रिप्ट कळफलक फुकट मिळतो.

शहरातल्या कंपन्यांचे जुने संगणक कुणी देत असेल तर नाही म्हणू नका, पण तपासून घ्या. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. अशा यंत्रात एसएसडी घालून लिनक्स टाकलं तर ते आणखी काही वर्षे चालतं.

कोटेशन मागताना दुरुस्तीला माणूस उदगीरहून येणार की लातूरहून, आणि किती दिवसांत, हे लेखी घ्या. पाच संगणकांचे पैसे जमले असतील तर चारच घ्या. पाचव्याचे पैसे दुरुस्तीसाठी शाळेच्या खात्यावर राहू द्या.

— ऊस विकास अधिकारी