परोपकार : देणाऱ्याच्या पदरात काय पडते?

सज्जनहो, परोपकार हे पुण्य, असे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण त्याचे फळ मेल्यावरच मिळते की याच देही, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. त्याचा आज थोडा विचार करू.

आपल्या बीड जिल्ह्याच्या उत्तरेला गोदा, आणि गोदेच्या काठी नाथांचे पैठण. नाथांची कथा सर्वांस ठाऊक आहे. रामेश्वराला न्यावयाचे गंगोदक त्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाच्या मुखी घातले. सोबतचे हळहळले, नाथांना मात्र रामेश्वर तेथेच पावला. गाढवाची तहान भागली, आणि निवाले कोण? नाथ!

आता शास्त्राचे ऐका. इ.स. २००८ साली कॅनडातील संशोधकांनी काही जणांना सकाळी ५ किंवा २० डॉलर दिले. काहींनी ते स्वतःवर खर्चावे, काहींनी दुसऱ्यावर. सायंकाळी दुसऱ्यावर खर्चणारे अधिक आनंदी आढळले. रक्कम लहान की मोठी याने फरक पडला नाही. इ.स. २००३ साली अमेरिकेत ४२३ वृद्ध जोडप्यांच्या ५ वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वय, प्रकृती यांचा हिशेब धरूनही, जोडीदाराला नि शेजाऱ्यापाजाऱ्याला आधार देणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी होते. नुसता आधार घेणाऱ्यांत तसे दिसले नाही.

असे का व्हावे? एकटे मन जात्यासारखे असते. दाणे घातले नाहीत तर स्वतःलाच दळत बसते. दुसऱ्याच्या कामी लागले की आपली काळजी घटकाभर सुटते. 'माझी कुणाला गरज आहे' एवढे कळले तरी म्हातारा माणूस काठी टेकीत उठतो. शिवाय माणसे जोडली जातात, ती अडीअडचणीला धावतात.

मात्र दोन पथ्ये पाळावीत. 'मी दिले' ही फुशारकी नको. आणि बळजबरीची, जीव मोडून केलेली सेवा सुख देत नाही. तेव्हा आपली शक्ती पाहून करावे.

त्याला पैसाच लागतो असे नाही. शेगावची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते. पेरणीचे दिवस, पावसाचा भरवसा नाही, तरी आपली माणसे वारकऱ्याला उपाशी जाऊ देत नाहीत. हीच वृत्ती वर्षभर ठेवा. दसरा-दिवाळीनंतर आपल्याकडची कोयत्याची जोडपी ऊसतोडीला जातात. मागे राहतात म्हातारी आणि शाळेची पोरे. शिरूर तालुक्यातील आर्वीच्या 'शांतिवन' संस्थेने अशा पोरांना आसरा दिला. आपल्याला संस्था काढावयाची नाही. शेजारच्या आजीला घागरभर पाणी आणून द्यावे, पोराचा अभ्यास झाला का विचारावे, एक भाकरी जास्त थापावी.

म्हणून येत्या एकादशीपासून एवढा नेम धरा : रोज एक उपकार, आणि त्याची वाच्यता नाही. महिनाभराने आपल्याच मनाला विचारा, पदरात काय पडले ते.

रामकृष्णहरि!