फायटर फिश : रूममधला नवा पार्टनर

हॉस्टेलवर कुत्रा-मांजर पाळायला परवानगी मिळणं कठीणच. म्हणून मग कोणीतरी अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातून फायटर फिश आणतं, काचेच्या छोट्या बाऊलमध्ये सोडतं आणि टेबलावर ठेवतं. बऱ्याचदा हा मासा दोन-तीन आठवड्यांत मरतो. मग आपण म्हणतो, "मासाच वीक होता." पण बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो, आणि तोही डोळ्यांना न दिसणारा!

फायटर, म्हणजे बेट्टा स्प्लेंडेन्स, मूळचा थायलंडचा. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. त्याच्या डोक्यात लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेऊ शकतो. यावरूनच "त्याला छोटा बाऊल पुरतो" असा गैरसमज पसरला. ऑक्सिजन हवेतून मिळतो हे खरं, पण त्याची घाण तर पाण्यातच राहते ना!

टँकचं केमिस्ट्री

माशाची विष्ठा, उरलेलं खाणं आणि त्याचे कल्ले यांतून पाण्यात अमोनिया येतो. नायट्रोसोमोनाससारखे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पिरासारखे दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी, नायट्रेट त्यामानाने बरंच सौम्य. नव्या टँकमध्ये हे बॅक्टेरिया जवळजवळ नसतातच, त्यांची वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत पाणी आरशासारखं स्वच्छ दिसलं तरी सुरक्षित असेलच असं नाही.

आता सिम्पल गणित बघा. तेवढीच घाण २ लिटरमध्ये पडली तर तिचं कॉन्सन्ट्रेशन २० लिटरच्या दहापट होतं. शिवाय पीएचही महत्त्वाचा. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का जास्त विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच सुमारे पाच टक्के होतो. म्हणून टँक १५ ते २० लिटरचा घ्यावा, त्यात हळू चालणारा स्पंज फिल्टर लावावा आणि वर झाकण ठेवावं, कारण हा मासा चांगली उडी मारतो. झाकण आणि पाणी यांच्यामध्ये हवेसाठी जागा मात्र सोडा.

पहिला दिवस, पहिला महिना

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पाणी बादलीत २४ तास उघडं ठेवलं तर ते बरंचसं उडून जातं, पण क्लोरामाइन तसं जात नाही. दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन वापरणं जास्त खात्रीचं. कूलरमधलं आरओचं पाणी "शुद्ध" म्हणून नुसतं वापरू नका. त्यात क्षार फारच कमी असतात आणि पीएच टिकत नाही.

आणलेली पिशवी बंदच ठेवून १५-२० मिनिटं टँकमध्ये तरंगू द्या. मग अर्ध्या तासात थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला. शेवटी जाळीने फक्त मासा सोडा, पिशवीतलं पाणी नको. त्या दिवशी लाइट बंद आणि खाणं बंद. एक-दोन दिवस तो लपून बसला, खाल्लं नाही, तर घाबरू नका.

पहिला महिना दर दोन दिवसांनी पाव पाणी बदला. नंतर आठवड्यातून एकदा पुरे. मित्राच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंजचा तुकडा मिळाला तर बॅक्टेरिया लवकर वाढतात. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने महिन्याची मेहनत वाया!

कॅम्पसवर देशी बदामाचं झाड असेल तर त्याचं गळून पडलेलं, पूर्ण वाळलेलं पान धुऊन टाका. पाणी चहासारखं होईल, ते चालतं. माशाला लपायला जागाही मिळते. झाडावर औषध फवारलेलं नाही ना, ते आधी माळीकाकांना विचारा.

खाणं, थंडी आणि आजार

दिवसातून दोनदा दोन-तीन दाणे पुरतात. तापमान २४ ते २८ अंश हवं. थंडीत थर्मोस्टॅटवाला छोटा हीटर लागतो. त्यासाठी रेक्टर सरांची परवानगी आधीच घ्या. एका टँकमध्ये दोन नर कधीच नकोत.

पंख मिटलेले, रंग फिका, तळाशी पडून राहणं, अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके ही धोक्याची लक्षणं. लगेच औषध ओतू नका, काही औषधं उपयोगी बॅक्टेरियाही मारतात. आधी टेस्ट किटने पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवेत. नसतील तर पाणी बदला. ठिपके असतील तर ते काय आहे हे जाणकाराला दाखवून मगच औषध घ्या.

चार-पाच दिवस सुट्टीला जाताना निरोगी मोठा मासा उपाशी राहू शकतो. "थोडं थोडं घाल रे" असं सांगितलेला रूममेट अर्धी डबी ओततो, तेच जास्त धोक्याचं.

शेवटचं एक. फायटर साधारण दोन ते चार वर्षं जगतो. सेकंड इयरला आणलेला मासा आपल्या फायनल इयरपर्यंत सोबत असू शकतो. पास आउट होताना तो तळ्यात किंवा विहिरीत सोडायचा नाही. तो इथला नाही. ज्युनियरला टँक, फिल्टर आणि ही सगळी माहिती एकत्रच द्या. आणि हे जमणार नसेल तर सरळ आणूच नका, प्लीज.