भक्त, फॅन आणि भात

आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३



परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी वडापाव नको म्हटलं, एकादशी होती म्हणून. समोरचा हसत म्हणाला, "तू पण भक्त का गं?" त्याच्या डोक्यात देव नव्हता. सोशल मीडियावरचा टोमणा होता : डोळे मिटून कुणाच्या तरी मागे जाणारा, तो भक्त. मला राग आला, पण उत्तर काही सुचलं नाही. घरी येऊन आजचा श्लोक उघडला, तर तिथे हाच शब्द!

भगवंत अर्जुनाला सांगतात की हा जुनाच योग मी आज तुला सांगितला, कारण तू माझा भक्त आहेस आणि सखाही आहेस. लक्षात घ्या, हा भक्त डोळे मिटणारा नाही. पुढच्याच श्लोकात तो विचारतो, तुझा जन्म तर अलीकडचा, मग तू हे सूर्याला कधी सांगितलंस? भक्त शंका घेतो आणि देव रागावत नाही.

आपण रोज वापरतो तो 'फॅन' हा शब्दही असाच फिरून आलाय. तो इंग्रजीतल्या 'फॅनॅटिक'चा तुकडा. त्याचं मूळ लॅटिन 'फानुम', म्हणजे देऊळ. देवळात अंगात आलेला माणूस, असा त्याचा जुना अर्थ. पुढे इंग्लंडमध्ये धर्माच्या भांडणांत तो शिवीसारखा वापरला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बेसबॉलवेड्यांना 'फॅन' म्हणू लागले आणि शिवीची माया झाली. आपल्या 'भक्त'चा प्रवास सध्या उलटा चाललाय, एवढंच.

आपल्याकडेही भक्ती सुरुवातीपासून फक्त देवाची नव्हती. पाणिनीने वासुदेवाच्या भक्ताला 'वासुदेवक' आणि अर्जुनाच्या भक्ताला 'अर्जुनक' म्हणायचा नियम सांगितलाय. त्याच्या सूत्रांवरच्या काशिकावृत्तीत तर 'आपूपिक' आहे, म्हणजे अपूपाचा, गोड वड्याचा भक्त! आजच्या भाषेत पुरणपोळीचा फॅन.

पण मला खरं थांबवलं ते मुळाने. भक्त हा शब्द 'भज्' धातूचा. त्याचा जुना अर्थ वाटणे, वाटा देणे, वाट्यात सामील होणे. भाग, विभाग, भागाकार, शाळेत पाठ केलेली विभक्ती, सगळी याच घरातली भावंडं. संस्कृतात 'भक्त' म्हणजे वाट्याला आलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ, असाही अर्थ आहे. प्राकृतात त्याचं 'भत्त' झालं आणि आपल्या ताटात 'भात'.

माझं गाव अलिबाग तालुक्यात, खाडीच्या बाजूला. आमच्याकडे शेतात उभं असतं ते भात, गिरणीतून येतो तो तांदूळ आणि ताटात परत भात. याच तालुक्यात चरी गावी १९३३ साली कुळांनी खोतांची जमीन कसणं थांबवलं. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखालचा तो संप १९३९ पर्यंत चालला. आपण राबून पिकवलेल्या भातातला न्याय्य वाटा आपल्याला मिळावा, यासाठी लोकांनी एवढी वर्षं हाल काढले. वाटा ही आमच्याकडे पुस्तकातली गोष्ट नाही.

आणि इथेच माझी पंचाईत झाली. बाबा आणि काका चार वर्षं बोलत नाहीत. कारण तेच, शेताची वाटणी. कागदावर शब्द आहे 'विभक्त'. तरी दर वर्षी झोडणी झाली की काकांकडून तांदळाची एक गोणी मुंबईला येते, चुलतभावाच्या हाती, निरोप नसतो. यंदाही आली. मी रोज तो भात देवाला दाखवते, खाते, मग इथे बसून तुम्हाला भक्तीवर लिहिते. काकांना एक फोन केला नव्हता. कुणाची बाजू घेतल्यासारखं होईल, ही भीती.

काल केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग काका म्हणाले, "भात मोकळा होतो का गो? की चिकट होतो?" मी म्हटलं, "मोकळा होतो, काका." पुढे दहा मिनिटं आम्ही फक्त पाण्याचं प्रमाण बोललो. बाबांना सांगितलं. ते काही म्हणाले नाहीत, पण जेवताना भात मात्र परत घेतला.

भांडण मिटलेलं नाही. उगाच गोड शेवट सांगत नाही. पण कॅन्टीनमधल्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे : हो, व्हायचंय मला भक्त. मागे मागे जाणारी नाही, वाट्यात सामील होणारी. देवाशी वाटा जोडायचा आणि घरच्यांशी तोडायचा, हा हिशेब त्या शब्दातच बसत नाही.

आजचा अभ्यास : जेवायला बसाल तेव्हा ताटातला भात कुणाकुणाच्या हातून इथवर आला, ते आठवा. त्यातल्या एकाला, ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याला जमलं तर आधी, आज फोन करा. मग श्लोक पुन्हा वाचा.

उद्या श्लोक ४, अर्जुनाची शंका. भेटूच.

राम कृष्ण हरी.