रामशेज आणि तीन शक्ती

नाशिकहून पेठच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले, म्हणजे सुमारे १४-१५ किलोमीटरांवर आशेवाडी नावाचे गाव लागते. गावाच्या पाठीशी एक एकाकी डोंगर उभा आहे. वनवासात असताना श्रीरामांनी येथे विश्रांती घेतली, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून त्याला रामशेज म्हणतात. साल्हेर-मुल्हेरसारख्या उत्तुंग दुर्गांपुढे हा गड अगदी ठेंगणा दिसतो. परंतु याच ठेंगण्या गडाने औरंगजेब बादशहाच्या नामांकित सेनापतींना वर्षानुवर्षे दाद दिली नाही. हे कशाच्या बळावर घडले असेल?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका प्राचीन ग्रंथाची आठवण होते. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथात राज्य कसे चालवावे आणि युद्ध कसे करावे, याचा सखोल विचार केलेला आहे. राजाच्या ठिकाणी तीन शक्ती असाव्यात, असे त्यात म्हटले आहे. शौर्य आणि उमेद ही उत्साहशक्ती. सैन्य आणि खजिना ही प्रभुशक्ती. आणि विचारविनिमयातून येणारे शहाणपण ही मंत्रशक्ती. सैन्य व खजिना हेच मंत्रापेक्षा श्रेष्ठ, असे पूर्वीच्या आचार्यांचे मत होते. कौटिल्याने ते खोडून काढले आणि मंत्रशक्तीला अग्रस्थान दिले. हा ग्रंथ पुढे अनेक शतके विस्मृतीत गेला होता. त्याची पोथी म्हैसूरचे पंडित शामशास्त्री यांच्या हाती १९०५ मध्ये आली व १९०९ मध्ये तो छापून प्रसिद्ध झाला. तेव्हा रामशेजच्या मावळ्यांनी तो वाचला असण्याचा संभव नाही. परंतु ग्रंथात जे लिहिले होते, ते त्यांनी प्रसंगातून जाणले होते.

१६८२ साली मोगल सरदार शहाबुद्दीनखान याने रामशेजला वेढा दिला. त्याच्यापाशी विपुल फौज होती, तोफा होत्या, द्रव्यही होते. गडावर मूठभर शिबंदी होती. खानाने सुरुंग खणले, मोर्चे बांधले आणि गडावर मारा करता यावा म्हणून लाकडांचा उंच दमदमा उभारला. मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान सांगतो, की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या; म्हणून किल्लेदाराने झाडांची खोडे पोखरून, चामड्याचा उपयोग करून लाकडी तोफा तयार करविल्या आणि त्या तोफांनी मोठे काम केले. बाहेरून संभाजी महाराजांच्या फौजाही वेढा घालणाऱ्यांना स्वस्थ बसू देत नव्हत्या. अखेर शहाबुद्दीनखानाला हात हलवीत परतावे लागले.

त्याच्या जागी खानजहान बहादूर आला. त्याने एक डाव योजिला. रात्री एका बाजूस मोठा गलबला करावयाचा आणि दुसऱ्या बाजूने निवडक शिपाई गुपचूप वर चढवावयाचे! परंतु गडकऱ्यांना तो डाव उमगला. त्यांनीही गलबल्याच्या बाजूस नगारे वाजविले आणि शांत बाजूस निवडक माणसे दबा धरून बसविली. वर चढणाऱ्यांची डोकी दिसताच ती माणसे त्यांच्यावर तुटून पडली.

हताश झालेल्या खानाने शेवटी एका मांत्रिकाचे ऐकले. शंभर तोळ्यांचा सोन्याचा नाग हाती घेऊन तो मांत्रिक फौजेच्या अग्रभागी चालू लागला. तो गडाच्या निम्म्या वाटेवर आला, तोच गोफणीचा एक दगड त्याच्या छातीवर बसला आणि नाग हातातून गळून पडला! जपाचा मंत्र विफल झाला. विचाराचा मंत्र विजयी ठरला.

परंतु रामशेजची कथा येथे संपत नाही. १६८७ च्या सुमारास हा गड मोगलांच्या हाती गेला. तो तोफांनी पडला नाही, सुरुंगांनीही पडला नाही. शत्रूने द्रव्याचे आमिष दाखविले आणि गडाचे दार आतून उघडले गेले. शत्रूचा किल्ला घेण्याचे पाच उपाय कौटिल्याने सांगितले आहेत. वेढा व हल्ला हे त्यांतील अखेरचे दोन. पहिला उपाय म्हणजे फितुरी. ज्या तटाला बाहेरून खिंडार पडत नाही, त्याला आतून पडते, हे त्या आचार्याने पुरते ओळखले होते.

शिवाजी महाराजांनीही हा धोका ओळखला होता. गडाचा कारभार त्यांनी एकाच्या हाती ठेविला नाही. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी नेमून त्यांनी परस्परांच्या संमतीने कारभार करावा, अशी व्यवस्था केली. तरीही नियम कितीही चांगले असोत, ते पाळणारी माणसे निष्ठावंत नसतील, तर नियम काय करणार?

आज नाशिकजवळ देवळाली येथे भारतीय तोफखान्याचे विद्यालय आहे. रामशेजच्या लाकडी तोफा कोठे आणि आजच्या दूर पल्ल्याच्या तोफा कोठे! साधने पालटली; परंतु नेत्याचे कर्तव्य पालटले नाही. सहकाऱ्यांचे म्हणणे ऐकावे, जवळ आहे त्यातून मार्ग काढावा आणि मोहाच्या क्षणी अढळ राहावे, हे सेनापतीला जितके लागू आहे, तितकेच गावच्या सरपंचाला आणि वर्गाच्या प्रमुखालाही लागू आहे.

मुलांनो, कधी नाशिकला गेलात तर रामशेजवर अवश्य चढा. तेथील तटाचे अवशेष पाहताना अनेक वर्षे झुंजलेल्या त्या वीरांना वंदन करा. आणि ज्या क्षणी दार आतून उघडले गेले, तो क्षणही विसरू नका. कारण आपल्या प्रत्येकावर कोणते ना कोणते दार राखण्याची जबाबदारी असतेच.

स्वाध्याय

१. कौटिल्याने सांगितलेल्या तीन शक्ती कोणत्या? त्यांपैकी कोणती शक्ती त्याने श्रेष्ठ मानली?
२. खानजहानचा डाव गडकऱ्यांनी कसा हाणून पाडला?
३. ‘जपाचा मंत्र विफल झाला; विचाराचा मंत्र विजयी ठरला,’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्यावर कोणती जबाबदारी सोपविलेली आहे? ती तुम्ही कशी पार पाडता, ते आठ-दहा ओळींत लिहा.