थोडक्यात बचावलात? मग हे वाचा

गेल्या ऊसतोडीच्या हंगामात एक परिचित गृहस्थ संध्याकाळी दवाखान्यात आले. हात थरथरत होते, तोंडाला कोरड पडली होती. मोटारसायकलवरून येताना वळणावर उसाची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. अगदी जवळ आल्यावर ती दिसली आणि त्यांनी गाडी बाजूच्या शेतात घातली. "दैव बलवत्तर म्हणून वाचलो, डॉक्टर," ते म्हणाले.

ट्रॉलीवाल्याची चूक होतीच. पण चौकशी केल्यावर कळले, की आदल्या रात्री लग्नघरी जागरण झाले होते आणि दुपारी सर्दीसाठी दुकानातून आणलेली गोळी घेतली होती. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असते. त्याने गुंगी येते.

एका सेकंदाचा हिशेब

अडथळा डोळ्यांना दिसणे, मेंदूला उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे यांस ताज्यातवान्या माणसालाही सुमारे दीड सेकंद लागतो. ताशी ६० कि.मी. वेगाने गाडी सेकंदाला १७ मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच २५ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे २० मीटर लागतात. एकूण झाले ४५ मीटर. रात्री डिपरच्या उजेडात मात्र ३०-४० मीटरपलीकडची काळी वस्तू नीट दिसत नाही. त्यात गुंगीने एक सेकंद उशीर झाला, तर आणखी १७ मीटर गेले!

कुत्रे, खड्डा, अचानक उघडलेले मोटारीचे दार या गोष्टी आपल्या हातात नाहीत. हा सेकंद मात्र आपल्या हातात आहे. म्हणून प्रसंग टळला की त्याच दिवशी स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

१) झोप पुरेशी झाली होती का? पहाटे २ ते ६ आणि दुपारच्या जेवणानंतर डुलकीचा धोका अधिक असतो. खिडकी उघडून किंवा गाणी लावून झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून १५-२० मिनिटे झोप घ्यावी. चहाचा परिणाम दिसायला अर्धा तास लागतो, हे लक्षात ठेवावे.

२) औषध कोणते घेतले होते? सर्दी, अॅलर्जी, झोप व चिंता यांवरील गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाहन चालवू नये. मद्य घेतल्यास तर मुळीच नाही.

३) पोटात अन्न होते का? मधुमेहाच्या रुग्णांनी हे विशेष पाहावे. साखर उतरली की घाम, थरथर, धडधड व गोंधळ होतो.

४) समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात का? तसे होत असल्यास मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी. समोरून प्रखर दिवा आल्यास वेग कमी करून नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी.

बचावल्यानंतर लगेच काय करावे?

भीतीने रक्तात अॅड्रिनॅलिन वाढते. त्यामुळे छाती धडधडते, पाय लटपटतात. अशा स्थितीत तसेच पुढे जाऊ नये. गाडी रस्त्याबाहेर घेऊन १०-१५ मिनिटे बसावे, सावकाश श्वास घ्यावा, पाणी प्यावे. मधुमेहींनी थरथर भीतीचीच आहे असे गृहीत धरू नये. साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल किंवा तपासण्याची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि बरे वाटेपर्यंत वाहन हाती घेऊ नये. छातीत दाब किंवा कळ येऊन ती जबडा वा हाताकडे जात असेल, तर "घाबरलो म्हणून होत असेल" असे म्हणत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आमचे ते गृहस्थ आता सर्दी झाली, की गाडीची किल्ली मुलाकडे देतात. दैवावर भार टाकण्यापेक्षा हे केव्हाही बरे.