सबटायटल्सच्या वरचा सिनेमा

अनोळखी भाषेतला सिनेमा पाहताना आपले डोळे पडद्याच्या तळाशी, सबटायटल्सवर खिळलेले असतात. वर काय घडतंय ते निसटतं, आणि मग ‘फार संथ होता बुवा’ एवढाच शेरा उरतो. पण वातावरण डोळ्यांनी पाहायची सवय लावून घेता येते. सरावासाठी व्हिक्टर एरिसे यांचा ‘द स्पिरिट ऑफ द बीहाइव्ह’ (१९७३) हा स्पॅनिश चित्रपट घ्या. पावणेदोन तासांच्या आत संपतो आणि त्यात संवाद अगदी मोजके आहेत.

आधी एवढंच माहीत असू द्या: काळ १९४०चा, स्पेनमधलं यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. कास्तील प्रांतातल्या एका खेड्यात फिरता सिनेमा ‘फ्रँकेन्स्टाइन’ घेऊन येतो आणि चिमुकल्या आनाच्या मनात त्यातला राक्षस घर करतो. चित्रपट झाला तेव्हाही सत्ता हुकूमशहा फ्रँकोचीच होती. उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून इथे बरंचसं काम उजेड आणि शांतता करतात.

रात्री, खोलीत पूर्ण अंधार करून बसा. दिवा चालू ठेवलात तर या सिनेमातले काळोखे कोपरे नुसते करडे दिसतील. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिल्यांदा सबटायटल्ससह, मध्ये न थांबता शेवटपर्यंत पाहा. कथेची उत्सुकता या फेरीत भागून जाऊ द्या.

खरं काम दुसऱ्या फेरीत आहे. दोन दिवसांनी सबटायटल्स बंद करून बसा आणि प्रत्येक दृश्यात एकच प्रश्न विचारा: उजेड कुठून येतोय? आनाच्या घराच्या खिडक्या पाहा. षटकोनी तावदानं, मधाच्या रंगाची काच. वडील मधमाश्या पाळतात, आणि घरही पोळंच झालंय. बाहेर थंड, राखाडी माळ. आत पिवळा उजेड, तरी ऊब नाही. छायालेखक लुईस क्वाद्रादो यांची दृष्टी चित्रीकरणाच्या काळातच अधू होत चालली होती, हे कळल्यावर मी प्रत्येक मेणबत्तीपाशी जास्त वेळ थांबू लागलो.

मग चौकटीत कोण आहे ते तपासा. शेवटाकडे न्याहारीचा प्रसंग येतो, तिथे थांबवून थांबवून पाहा. आई, वडील, दोन मुली एकाच टेबलाशी आहेत, पण कॅमेरा चौघांना एकत्र दाखवतच नाही. एकेक चेहरा सुटा. घर तुटलंय हे कुणाला बोलून दाखवावं लागत नाही. पुण्यात चित्रपट-अभ्यासक सतीश बहादूर आणि श्यामला वनारसे यांनी अपू चित्रत्रयीचा असाच बारकाईने अभ्यास केला होता. थांबून पाहण्यात कमीपणा काही नाही.

मुली माळरानावरच्या पडक्या गोठ्याकडे धावतात तेव्हा शॉट किती वेळ टिकतो ते मनातल्या मनात आकडे मोजून बघा. त्या रिकाम्या माळात त्या किती लहान दिसतात, हे जाणवायला तेवढा वेळ लागतोच.

एका प्रसंगासाठी डोळे मिटा. आई अंथरुणात पडून आहे, वडील खोलीत येतात. नुसत्या आवाजांवरून खोलीतलं अंतर ओळखा. मग तोच प्रसंग डोळे उघडून पाहा. कॅमेरा आईच्या चेहऱ्यावरून हलत नाही.

सिनेमागृहातला आनाचा चेहरा मात्र विश्लेषण न करता पाहा. ‘फ्रँकेन्स्टाइन’ बघताना आनाचं काम करणाऱ्या आना तोरेंत या मुलीला जे वाटलं, तेच कॅमेऱ्यात आलं आहे. तो अभिनय नाही.

प्रत्येक फेरीनंतर वहीत दोनच ओळी लिहा: काय दिसलं आणि त्यामुळे काय वाटलं. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ हे शब्द टाळा. ‘खिडकी डावीकडे, अर्धा चेहरा अंधारात’ असं लिहा.

पुढच्या आठवड्यात एरिसे यांचाच ‘एल सुर’ (१९८३) घ्या. छायालेखक वेगळे आहेत, होसे लुईस अल्काइने. वही शेजारी ठेवून दोन्हींतल्या खिडक्या ताडून बघा, म्हणजे दिग्दर्शकाचं काय आणि छायालेखकाचं काय ते वेगळं काढता येऊ लागेल.