क्रीडांगण कोणाचे, कर्ज कोणाचे?

नवे स्टेडियम उभारावयाचे म्हटले की आसनसंख्या आणि भव्यता यांचीच चर्चा अधिक होते. वित्तपुरवठ्याच्या दृष्टीने मूलभूत प्रश्न मात्र निराळा असतो : खर्चाचा अंदाज चुकला किंवा उत्पन्न अपुरे पडले, तर तूट कोणी सोसावयाची? उत्तर अमेरिकेतील दोन शहरांनी या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे दिली.

कॅनडातील माँट्रियल येथे १९७६ च्या ऑलिंपिकसाठी सार्वजनिक निधीतून स्टेडियम बांधण्यात आले. आरंभीचा अंदाज सुमारे १३.४ कोटी कॅनेडियन डॉलरचा होता. संप, महागाई आणि गुंतागुंतीची रचना यांमुळे खर्च वाढत गेला. स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा मनोरा अपुराच होता. कर्जफेडीसाठी क्वेबेक प्रांताने तंबाखूवर खास कर बसविला. कर्ज फिटले ते २००६ साली. व्याज व दुरुस्ती धरून एकूण भार सुमारे दीडशे कोटी डॉलरवर गेला होता. तेथे खेळणारा बेसबॉल संघ तर २००४ च्या हंगामानंतरच शहर सोडून गेला. स्टेडियमची पायरीही न चढलेल्या नागरिकाने तीस वर्षे हप्ते भरले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९८७ व १९८९ मध्ये बेसबॉल स्टेडियमचे प्रस्ताव फेटाळले. १९९६ मध्ये खासगी वित्तपुरवठ्याची योजना मांडली गेल्यावर मात्र त्यांनी कौल दिला. सुमारे ३५.७ कोटी डॉलर खर्चाचे हे स्टेडियम २००० साली खुले झाले. सुमारे १७ कोटी डॉलर बँक कर्जातून आले. उर्वरित रकमेचा मोठा भाग स्टेडियमला नाव देण्याचे हक्क, पुरस्कर्त्यांशी केलेले करार आणि ठरावीक आसनांच्या हंगामी तिकिटांवरील कायम हक्कांची विक्री यांतून उभा राहिला. जमीन मात्र बंदर प्राधिकरणाची, भाडेपट्ट्याने घेतलेली. म्हणजे ‘खासगी’ प्रकल्पालाही सार्वजनिक आधार लागलाच. परंतु कर्जाची जोखीम संघाच्या मालकांकडे राहिली.

यावरून सार्वजनिक खर्च सर्वथा अयोग्य ठरत नाही. सर्वांना खुले असणारे मैदान ही उद्यानासारखीच नागरी सोय होय. मात्र तिकिटे, जाहिराती व प्रक्षेपण यांचा लाभ ज्याच्या पदरी पडतो, तोट्याचा धनीही तोच असावा. कर्ज देणारी बँक प्रकल्पाच्या उत्पन्नातून हप्ते निघतील काय, हे आधी तपासते. करदात्यानेही हाच प्रश्न पायाभरणीपूर्वी विचारावा.